काकांचा फोन वाजलाच नाही

(टी. ई., इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन)

सुरुवातीलाच कबूल करते, माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं. घरी मराठी बोलतो, पण लिहायची वेळ दहावीच्या पेपरनंतर आलीच नव्हती. ऱ्हस्व-दीर्घ संपादक मंडळाने सांभाळून घेतलंय, तरी काही चुका राहिल्या असतील तर त्या माझ्या. 'मग इंग्लिश सेक्शनला का नाही दिलंस?' असं रूममेटने विचारलं. कारण सोपं आहे. ज्यांच्या प्रश्नामुळे हा लेख लिहितेय, ते इंग्लिश सेक्शन वाचत नाहीत.

गोष्ट फेब्रुवारी २०२४ ची. मी एफ. ई.ला होते. मेसमधल्या काकांना (त्यांना विचारूनच लिहितेय) दुपारी एक फोन आला. तुमचं सिम आज रात्री बंद होणार, चालू ठेवायचं असेल तर एक नंबर डायल करा. स्टार, मग ४०१, परत स्टार, पुढे दहा आकडे. काकांनी केला. स्क्रीनवर काहीतरी इंग्लिशमध्ये आलं आणि गेलं. रात्री त्यांच्या नावाने त्यांच्या सगळ्या ओळखीच्या लोकांना मेसेज गेले, 'दवाखान्यात आहे, अर्जंट पैसे पाठव.' मेहुण्याच्या मुलाने बावीस हजार पाठवले. ते अर्थातच काकांना पोचले नाहीत.

दुसऱ्या दिवशी काका मला म्हणाले, "ताई, तुम्ही टेलिफोनचंच शिकता ना? मी ओटीपी कुणाला सांगितला नाही. मला कुणाचा फोनसुद्धा आला नाही. मग गेलं कसं?"

मला तेव्हा ड्रॉइंगच्या शीटपलीकडे काही येत नव्हतं. "बघते काका" म्हटलं आणि सटकले. या वर्षी सेमिनारला विषय निवडायचा होता, तेव्हा मी 'टेलिफोन सिग्नलिंग प्रोटोकॉल्सची तुलना' घेतला. गाइड सरांना वाटलं, सोपा विषय बघून घेतलाय. असो.

आता मुद्द्याचं. फोनवर दोन गोष्टी वाहतात. एक म्हणजे आपलं बोलणं. दुसरी म्हणजे एक्सचेंजचं आपापसातलं बोलणं: हा नंबर जोड, तिकडे रिंग दे, उचलला, बिल सुरू कर, ठेवला, लाइन सोड. या दुसऱ्या बोलण्याला सिग्नलिंग म्हणतात. ते आपल्याला कधी ऐकू येत नाही, निदान हल्ली तरी. पूर्वी यायचं, आणि त्यातच सगळी भानगड होती.

अगदी जुन्यापासून सुरू करू. गोल डायलचा फोन. आकडा फिरवून बोट सोडलं की डायल उलटं फिरताना लाइनमधला करंट तितक्या वेळा तुटायचा. ५ म्हणजे पाच वेळा, ० म्हणजे दहा वेळा. वेग सेकंदाला दहा ठोके. आजचा ९८७६५४३२१० असा नंबर त्यावर फिरवला तर नुसते ठोकेच पंचावन्न, म्हणजे साडेपाच सेकंद. मधली फिरवाफिरवी वेगळीच. आमच्या हॉस्टेलचे इलेक्ट्रिशियन मामा सांगतात की त्यांच्या काळी ऑफिसमधल्या फोनच्या डायलला चिमुकलं कुलूप असायचं, म्हणजे पोरांनी फोन करू नयेत. पोरं काय करायची? रिसीव्हर ठेवायचं बटण टकटक दाबून नंबर लावायची! करंट डायलने तोडला काय आणि बोटाने तोडला काय, एक्सचेंजला फरक कळत नाही. मामा अजून तो टेबलावर वाजवून दाखवतात. शून्याला दहा टकटक करताना मोजणी चुकायची म्हणे, आणि फोन भलत्याच घरी लागायचा.

हा किस्सा नुसता गंमत म्हणून घेऊ नका. पुढे जे जे झालं त्याचं बी यातच आहे. हुकूम कुणी दिला हे एक्सचेंज बघत नाही. हुकूम बरोबर दिलाय का, एवढंच बघतं.

मग आली बटणं. अमेरिकेत बेल सिस्टीमने १९६३ मध्ये टच-टोन आणलं. प्रत्येक बटणाला दोन सूर: ५ दाबलं की ७७० आणि १३३६ हर्ट्झ एकदम वाजतात. दोन का? कारण माणसाच्या बोलण्यात चुकून एक सूर जुळू शकतो, नेमके ठरलेले दोन एकाच वेळी जुळणं अवघड. (हा ओरलचा हमखास प्रश्न आहे, ज्युनियर्सनी नोंद घ्यावी.) पण हे झालं आपल्या फोनपासून एक्सचेंजपर्यंत. एक्सचेंज ते एक्सचेंज काय चालायचं, तो खरा फंडा.

तिथेही सूरच होते, फक्त वेगळे. ७०० पासून १७०० हर्ट्झपर्यंत सहा सूर, त्यातले कुठलेही दोन म्हणजे एक आकडा. आणि लाइन रिकामी आहे हे सांगायला तिच्यावर सतत २६०० हर्ट्झची शिट्टी चालू ठेवायची. शिट्टी थांबली की कुणीतरी लाइन घेतली. परत सुरू झाली की फोन ठेवला, लाइन मोकळी. हे सगळं ज्या तारेवरून आपण बोलतो त्याच तारेवरून. याला इन-बँड सिग्नलिंग म्हणतात.

एसटीची घंटी आठवा. एक टिंग म्हणजे थांब, दोन टिंग म्हणजे चल. दोरी मात्र गाडीभर लांब, कुठल्याही प्रवाशाच्या डोक्यावरून गेलेली. ड्रायव्हर मागे वळून बघत नाही, कंडक्टरनेच ओढली असं धरून चालतो. आता एखाद्या पोराने ओढली तर?

अमेरिकेत नेमकं तेच झालं. जो एन्ग्रेसिया नावाचा एक जन्मांध मुलगा होता. सुराचा कान विलक्षण. त्याच्या लहानपणीच लक्षात आलं की विशिष्ट उंचीची शीळ घातली की चालू कॉल कट होतो. ती उंची २६०० हर्ट्झ. १९६० च्या दशकाच्या शेवटी तो साउथ फ्लोरिडा विद्यापीठात शिकायला गेला आणि तिथल्या पोरांना नुसती शीळ घालून लांबचे कॉल जोडून द्यायला लागला. हॉस्टेलमध्ये असा एक तरी मुलगा असतोच, नाही का?

ही युक्ती चालायची कशी, ते बघण्यासारखं आहे. आधी एखाद्या फुकट नंबरला, म्हणजे ८०० ने सुरू होणाऱ्या, फोन लावायचा. आपल्या गावच्या एक्सचेंजने नोंद केली: फुकटचा कॉल, बिल नाही. मग शीळ. पलीकडच्या एक्सचेंजला वाटलं, यांनी फोन ठेवला. शीळ थांबली. त्याला वाटलं, अरे, नवीन कॉल येतोय, आकडे सांगा. मग दोन-दोन सुरांत हवा तो नंबर वाजवायचा. इकडच्या एक्सचेंजच्या वहीत मात्र अजून तो जुना फुकटचाच कॉल चालू! दोन एक्सचेंज, दोघांच्या मनात दोन वेगळ्या गोष्टी, आणि मधल्या फटीतून पोरगा पसार.

पुढे 'कॅप्टन क्रंच' नावाच्या नाश्त्याच्या पाकिटात फुकट मिळणारी प्लास्टिकची शिट्टीसुद्धा २६०० ला वाजते असं सापडलं, आणि जॉन ड्रेपरने तेच टोपणनाव घेतलं. सगळे सूर वाजवणाऱ्या डब्याला 'ब्लू बॉक्स' म्हणायचे. ऑक्टोबर १९७१ मध्ये 'एस्क्वायर' मासिकात त्यावर मोठा लेख आला. तो वाचून स्टीव्ह वॉझ्नियाकने स्वतःचा डिजिटल ब्लू बॉक्स बनवला आणि मित्राबरोबर बर्कलीच्या हॉस्टेलांत विकला. मित्र म्हणजे स्टीव्ह जॉब्स. आपण प्रोजेक्टला लाइन फॉलोअर रोबो करतो!

युरोपात आणि पुढे आपल्याकडेही आर२ नावाची पद्धत आली. भारतात अनेक वर्षं तिची भारतीय आवृत्ती चालायची. मला ती मनापासून आवडते, कारण ती माझ्या आजीसारखी आहे. आजीला फोनवर नंबर लिहून देताना प्रत्येक आकड्याला 'हं' म्हणावं लागतं, नाहीतर ती पुढचा सांगत नाही. आर२ मध्ये तसंच. पहिलं एक्सचेंज आकड्याचा सूर लावतं आणि धरून ठेवतं. पलीकडून 'पुढचा पाठव' असा उलटा सूर येतो. तो ऐकला की हे आपला सूर थांबवतं. तो थांबला हे कळलं की ते आपला थांबवतं. मगच पुढचा आकडा. उलट दिशेने 'लाइन मोकळी', 'बिझी' असंही सांगता येतं, जे अमेरिकन पद्धतीत बीप ऐकूनच माणसाला समजून घ्यावं लागे. सुरक्षित, चोख. पण हीच तिची अडचण. उपग्रहावरून कॉल गेला तर एका बाजूने जायला साधारण पाव सेकंद लागतो. एका आकड्यासाठी चार फेऱ्या, म्हणजे एक सेकंद. दहा आकड्यांना दहा सेकंद. आजीला घाई चालत नाही.

या सगळ्यावरचा उपाय ऐकायला साधा आहे. दोरी प्रवाशांच्या डोक्यावरून नेऊच नका. हुकमांसाठी वेगळा रस्ता बांधा. अमेरिकेत एटी अँड टीने १९७६ मध्ये अशी वेगळी वाट सुरू केली, आणि १९८० मध्ये जागतिक संस्थेने, म्हणजे तेव्हाच्या सीसीआयटीटीने, सिग्नलिंग सिस्टीम क्रमांक ७ चं स्पेसिफिकेशन काढलं. हेच ते एसएस७, ज्याचं नाव ऐकून आमच्या अर्ध्या वर्गाच्या डोक्यावरून बाउन्सर जातो.

यात एक्सचेंज एकमेकांशी सुरांत बोलत नाहीत, चिठ्ठ्या पाठवतात. चिठ्ठ्यांसाठी ६४ केबीपीएसची वेगळी लाइन. कॉल लावायची चिठ्ठी चाळीस-एक बाइट्सची असली तर पाच मिलिसेकंदांत रवाना. आजीचे दहा सेकंद कुठे आणि हे कुठे! पहिली चिठ्ठी आयएएम: अमक्याला तमक्याशी बोलायचंय, अमुक क्रमांकाची बोलण्याची लाइन राखून ठेवलीय. उलट एसीएम: पत्ता पोचला, रिंग देतोय. उचलल्यावर एएनएम, आणि बिल इथून सुरू. ठेवल्यावर आरईएल, आणि त्याची पोच आरएलसी. बस, एवढंच.

आता मिस्ड कॉल घ्या. घरी पोचल्यावर दोन रिंगा देऊन कट करणारे आपण सगळे. त्यात आयएएम गेला, एसीएम आला, मग आरईएल, आरएलसी. एएनएम नाहीच, म्हणून बिल नाही. 'सुखरूप पोचले' हा निरोप आपण एक पैसा न देता, शुद्ध सिग्नलिंगवरून पाठवत होतो. ब्लू बॉक्सवाल्यांनी एवढा खटाटोप केला. आपल्या आयांनी हे बिनसोल्डरिंगचं केलं.

एसएमएससुद्धा याच रस्त्याने धावायला निघाला. चिठ्ठीत जागा १४० बाइट्सची, म्हणजे ११२० बिट्स. इंग्लिश अक्षराला ७ बिट्स, म्हणून १६०. देवनागरीला प्रत्येकी १६, म्हणून फक्त ७०. आणि काना-मात्रा-हलन्त सगळे वेगळे मोजायचे. 'हॉस्टेल' लिहायला सात. मराठीत मेसेज केला की दोन मेसेजचे पैसे का जायचे, हे मला सेमिनारच्या तयारीत कळलं. तोपर्यंत मी मराठीलाच दोष देत होते.

वेगळ्या रस्त्यावर सगळं आलबेल झालं असं मात्र नाही. १५ जानेवारी १९९० ला एटी अँड टीचं लांब पल्ल्याचं नेटवर्क सुमारे नऊ तास कोलमडलं. एक एक्सचेंज बिघडून पुन्हा उभं राहिलं, त्याने शेजाऱ्यांना चिठ्ठ्या पाठवल्या, त्या लागोपाठ पोचल्यामुळे शेजारी आडवे, ते उठून चिठ्ठ्या पाठवतात तोवर त्यांचे शेजारी. मुळात काय होतं, तर सी भाषेतल्या प्रोग्रॅममध्ये चुकीच्या जागी पडलेलं एक 'ब्रेक'. स्विच-केसमध्ये 'ब्रेक' विसरल्याबद्दल माझे प्रॅक्टिकलला दोन मार्क कापले होते. मी वाद घातला होता. आता नाही घालणार.

दुसरी गोष्ट जास्त खोल आहे. एसएस७ बनलं तेव्हा या रस्त्यावर मोजक्या, एकमेकांना ओळखणाऱ्या कंपन्या होत्या. चिठ्ठी आली म्हणजे आपल्यातल्याच कुणाची, असं धरून सगळं रचलं. ओळखपत्र विचारायची सोयच नाही. पुढे देशोदेशी शेकडो कंपन्या आल्या. डिसेंबर २०१४ मध्ये जर्मनीत हॅम्बर्गच्या एका परिषदेत टोबियास एंगेल आणि कार्स्टन नोल यांनी दाखवून दिलं की या रस्त्यावर प्रवेश मिळाला की कुणाचाही मोबाइल कुठे आहे ते विचारता येतं, त्याचे कॉल वळवता येतात. २०१७ मध्ये जर्मनीतच काही बँक खातेदारांचे ओटीपी असे वळवून पैसे काढले गेले. बघा, कुलपाच्या डायलजवळच परत आलो की नाही?

नवीन जमान्याचा प्रोटोकॉल म्हणजे सिप. १९९९ मध्ये पहिलं रूप, २००२ मध्ये सध्याचं. ४जी वरचे व्होल्टी कॉल यानेच जुळतात. आयएएमच्या जागी 'इन्व्हाइट', एसीएमच्या जागी '१८० रिंगिंग', एएनएमच्या जागी '२०० ओके', आरईएलच्या जागी 'बाय'. तेच नाटक, नवे कपडे. फरक हा की सिपची चिठ्ठी साध्या वाचता येण्याजोग्या अक्षरांत असते, वेबपेजसारखी, आणि त्यामुळे हजारभर बाइट्सची सहज होते. लॅबमध्ये वायरशार्क लावून ती वाचताना मजा येते. पण 'कडून' या ओळीत पाठवणाऱ्याने भलताच नंबर लिहिला तर? मधल्या कंपनीने तपासला नाही, तर समोरच्या स्क्रीनवर तोच दिसतो. परदेशातून येऊन +९१ दाखवणारे खोटे कॉल अडवायला भारत सरकारने ऑक्टोबर २०२४ मध्ये यंत्रणा सुरू केली. पहिल्या चोवीस तासांतच सुमारे १.३५ कोटी कॉल अडवल्याचं जाहीर झालं. स्क्रीनवरचा नंबर बघून भरवसा ठेवायची सवय सोडलेली बरी.

माझं मत विचाराल तर एसएस७ हा अभ्यासाला सगळ्यात देखणा आणि विश्वास ठेवायला सगळ्यात भोळा. सिप वाचायला सोपा म्हणून पोरांना आवडतो. आर२ मला आवडतो, पण त्याचं कारण वर सांगितलंच.

आता काकांचा प्रश्न. आपण स्टारने सुरू होणारा असा कोड डायल करतो तेव्हा ते बोलण्यासाठी लावलेला फोन नसतो. मोबाइल ते ओळखतो आणि हुकमांच्या रस्त्याने थेट नेटवर्कला कळवतो: माझे सगळे कॉल या दहा आकड्यांवर वळवा. नेटवर्कच्या मोठ्या वहीत, तिला एचएलआर म्हणतात, काकांच्या नावापुढे तो नंबर लिहिला गेला. रात्री त्या माणसाने स्वतःच्या मोबाइलवर मेसेजिंगचं अ‍ॅप टाकलं आणि काकांचा नंबर भरला. कोड आधी एसएमएसने काकांकडेच आला. त्यांनी पाहिला आणि सोडून दिला, बरोबरच केलं. मग त्याने दुसरा पर्याय निवडला, 'कोड फोन करून सांगा'. तो कॉल निघाला. एक्सचेंजने वहीला विचारलं, काका कुठे आहेत? वही म्हणाली, त्यांनी सांगितलंय तिकडे पाठवा. कॉल तिकडे गेला. मशीनने गोड आवाजात सहा आकडे वाचून दाखवले, चोराला.

काकांचा मोबाइल चालू होता, रेंज होती, उशाशी होता. वाजलाच नाही, कारण त्याला कुणी विचारलंच नाही. कुठेही काही हॅक झालं नाही. जो एन्ग्रेसियाला स्वतः शीळ घालायला लागायची. याने काकांनाच घालायला लावली.

दूरसंचार विभागाने मार्च २०२४ मध्ये आदेश काढून, १५ एप्रिल २०२४ पासून असे कोड दाबून कॉल वळवण्याची सोय पुढील आदेशापर्यंत बंद ठेवायला कंपन्यांना सांगितलं. काकांच्या नंतर दोन महिन्यांनी. मोबाइलच्या सेटिंग्जमध्ये 'कॉल फॉरवर्डिंग' असतं, तिथे कुठला नंबर भरलेला आहे का ते मात्र प्रत्येकाने आज बघून घ्या. आणि फसलात तर १९३० ला लगेच फोन करा, त्याच तासात. काकांच्या घरच्यांनी तिसऱ्या दिवशी केला, तोवर खातं रिकामं झालं होतं.

सेमिनार झाल्यावर मी मेसच्या मेनूच्या कागदामागे पेनने चौकोन काढून काकांना हे सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, "म्हणजे मी ओटीपी खरंच दिला नव्हता."

"नाही काका."

"हे मेहुण्याला सांगाल का? त्याला वाटतं मीच सांगून बसलो."

मी त्यांच्याच फोनवरून मेहुण्यांना फोन लावला आणि पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. मराठीत सांगताना तीनदा अडखळले. पलीकडून प्रत्येक वाक्याला 'हं' येत होतं. बावीस हजारांतले दरमहा हजार काका फेडत होते, कुणी मागितले नसताना. दोन हप्ते राहिलेत.